सुई टोचण्यापूर्वी

पावलॉव्ह हे नाव घेतलं की आपल्याला घंटा आठवते. घंटा वाजली आणि कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटलं, एवढी गोष्ट मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेल्या कुठल्याही मुलाला तोंडपाठ असते. पुढे ती परीक्षेतून बाहेर पडते आणि राजकारणावरच्या लेखांत, जाहिरातींवरच्या चर्चेत, चहाच्या टपरीवरच्या थट्टेत फिरत राहते. एखाद्या माणसाला एक गोष्ट चिकटली की त्याचं बाकीचं आयुष्य तिच्याआड जातं. इव्हान पेत्रोविच पावलॉव्ह यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्यांच्या प्रयोगशाळेत घंटेपेक्षा मेट्रोनोमची टिकटिक, दिव्यांची उघडझाप, हार्मोनियमचे सूर आणि कातडीला केलेला हलका स्पर्श यांचाच वापर अधिक होता. पण लोकांच्या लक्षात राहिली ती घंटा.

त्यांच्या आयुष्यातलं एक पान असं आहे की ते घंटेइतकं कुणी सांगत नाही आणि तुमच्या-आमच्या घरांशी मात्र त्याचा फार जवळचा संबंध आहे. ते पान मॉर्फिनचं आहे. औषध शरीरात जातं आणि आपलं काम करतं, असं आपण समजून चालतो. ज्या खोलीत ते टोचलं, ज्या माणसानं टोचलं, ज्या वेळी टोचलं, त्यांचा औषधाशी काय संबंध, असं आपल्याला वाटतं. संबंध आहे, आणि कधीकधी तो जीवन-मरणाचा असतो. हे कळायची सुरुवात पावलॉव्ह यांच्या कामातून झाली. मात्र त्या पानाशी पोचायचं तर आधी या माणसाच्या घरापासून निघायला हवं.

मॉस्कोच्या आग्नेयेला रियाझान नावाचं गाव आहे. तिथे २६ सप्टेंबर १८४९ रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी इव्हानचा जन्म झाला. घरात भावंडं पुष्कळ, त्यातली काही लहानपणीच गेली. वडिलांना वाचनाची आणि बागकामाची आवड होती. दोन्ही आवडी थोरल्या मुलात उतरल्या. आठेक वर्षांचा असताना वाळवायला ठेवलेली सफरचंदं पसरताना तो उंचावरून खालच्या दगडी फरशीवर पडला आणि बरेच दिवस अंथरुणाला खिळला. त्या दुखण्यामुळे शाळेत जायला अकरावं वर्ष उजाडलं. मधल्या काळात जवळच्या मठाचे प्रमुख असलेल्या त्याच्या धर्मपित्यांनी त्याला आपल्याकडे नेऊन धडधाकट केलं आणि अभ्यासालाही लावलं. पावलॉव्ह यांच्या जन्मभराच्या शिस्तीचं मूळ बरेचजण त्या मठातल्या दिवसांत शोधतात.

मुलगा वडिलांच्याच वाटेनं जाणार हे घरात ठरलेलं होतं. तो धर्मशिक्षणाच्या शाळेत गेलाही. पण ते दिवस रशियात नव्या विचारांचे होते. इव्हान सेचेनॉव्ह यांचं मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरचं लेखन १८६३ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. मनाचे व्यापारही शरीराच्या नियमांनी चालतात, असं सांगणारं ते लेखन या मुलाच्या हाती पडलं आणि वाट बदलली. १८७० मध्ये धर्मशाळा सोडून तो सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात दाखल झाला.

पुढची वीस वर्षं गरिबीत गेली. १८८१ मध्ये सेराफिमा कार्चेव्हस्काया या मुलीशी त्यांचं लग्न झालं. घरभाड्याची पंचाईत व्हावी, कधी बायकोला नातलगांकडे ठेवावं लागावं, असा तो संसार. पहिलं मूल जन्माआधीच गेलं, दुसरं तान्हेपणी गेलं. पावलॉव्ह मात्र नामांकित डॉक्टर बोटकिन यांच्या इस्पितळाच्या आवारातल्या एका लाकडी खोपटात प्रयोग करत बसलेले. घरात पैसा नाही आणि नवऱ्याचं चित्त कुत्र्यांच्या हृदयाच्या नसांमध्ये, अशा माणसाशी संसार करणाऱ्या सेराफिमाबाईंच्या सोशिकपणावर एक स्वतंत्र कादंबरी होईल.

१८९० मध्ये दिवस पालटले. लष्करी वैद्यकीय अकादमीत त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. ती जागा शरीरक्रियाशास्त्राची नव्हती, औषधशास्त्राची होती, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पुढची पाच वर्षं हा माणूस विद्यार्थ्यांना औषधांच्या परिणामांविषयी शिकवत होता. शरीरक्रियाशास्त्राचं प्राध्यापकपद त्यांना १८९५ मध्ये मिळालं. दरम्यान १८९१ मध्ये प्रायोगिक वैद्यकाच्या नव्या संस्थेत त्यांच्या हाती स्वतःचा विभाग आला आणि तिथेच त्यांचं खरं काम उभं राहिलं.

ते काम होतं पचनाचं. त्याआधी प्राण्याची चिरफाड करून, तो मरता मरता जे दिसेल ते टिपून घेण्याची रीत होती. पावलॉव्ह यांनी माणसांच्या शस्त्रक्रियेइतकी स्वच्छता पाळून कुत्र्यांवर शस्त्रक्रिया केल्या, जठराचा एक कप्पा वेगळा करून त्याचं तोंड बाहेर काढलं आणि तो कुत्रा बरा होऊन खाऊ-पिऊ लागल्यावर महिनोन्‌महिने त्याचा रस मोजला. कुत्र्यांच्या वाट्याला यातना आल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. कुत्र्यांचा हा जठररस बाटल्यांत भरून अपचनाच्या रोग्यांना विकला जाई आणि त्या पैशातून प्रयोगशाळेचा काही खर्च निघे. या संशोधनासाठी त्यांना १९०४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले रशियन.

म्हणजे नोबेल मिळालं ते पचनासाठी, लाळेच्या गोष्टीसाठी नव्हे. लाळेची गोष्ट या कामात अडचण म्हणून आली. खाणं तोंडात पडण्याआधीच कुत्र्याची लाळ सुटे. खाण्याचं भांडं दिसलं, रोजचा नोकर दिसला, त्याच्या पावलांचा आवाज आला, तरी रस झरू लागे आणि मोजमापं बिघडत. दुसरा कोणी असता तर नोकराला बाहेर काढून मोकळा झाला असता. पावलॉव्ह यांनी त्या अडचणीलाच कामाचा विषय केला. १९०३ मध्ये माद्रिदच्या वैद्यकीय परिषदेत त्यांनी या नव्या दिशेची घोषणा केली, तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. ज्या वयात आमच्या बँकेतली मंडळी निवृत्तीचे हिशेब मांडू लागतात, त्या वयात या गृहस्थांनी नवं खातं उघडलं आणि पुढची तेहतीस वर्षं ते चालवलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. काही प्रतिक्रिया आपण जन्माला येताना घेऊन येतो; चिंचेचा तुकडा जिभेवर पडला की लाळ सुटते. काही प्रतिक्रिया आपण शिकतो. चिंच दिसली, तिचं नुसतं नाव काढलं, तरी लाळ सुटते. एखादी खूण खऱ्या गोष्टीच्या आधी वारंवार येत राहिली, की शरीर त्या खुणेलाच उत्तर देऊ लागतं. मराठी पाठ्यपुस्तकांत याला अभिसंधान म्हणतात.

पण खूण नेमकी कोणती हे ठरवणं सोपं नव्हतं. मेट्रोनोम लावावा तर कुत्रा बाहेरच्या रस्त्यावरच्या गाडीला कान देई. प्रयोग करणाऱ्याचा खोकला, दाराची कुरकुर, ढगाआड गेलेलं ऊन, सगळंच खूण होऊन बसे. म्हणून १९१० च्या सुमारास पावलॉव्ह यांनी देणग्या मिळवून एक वेगळीच इमारत बांधायला घेतली. जाड भिंती, भोवती खंदक, कुत्रा आत एकटा आणि माणूस बाहेरून नळीतून पाहणार. लोकांनी तिला शांततेचा मनोरा असं नाव दिलं. भोवतालाला प्रयोगाबाहेर ठेवण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला, यातच भोवतालाची ताकद किती हे आलं.

मग क्रांती झाली. नोबेलचे पैसे बुडाले, प्रयोगशाळेतले कुत्रे उपासमारीनं मेले, संस्थेच्या आवारात भाजीपाला पिकवून पावलॉव्ह यांनी दिवस काढले. एक तरुण मुलगा आजारानं गेला. सत्तरी ओलांडलेल्या या माणसानं देश सोडण्याची परवानगी मागितली, तेव्हा लेनिन यांनी २४ जानेवारी १९२१ रोजी खास हुकूम काढून त्यांच्या कामाची आणि शिध्याची तरतूद केली. पावलॉव्ह राहिले, पण मिंधे झाले नाहीत. १९२४ च्या सुमारास धर्मोपदेशकांच्या मुलांना अकादमीतून काढून टाकलं गेलं, तेव्हा आपणही धर्मोपदेशकाचेच चिरंजीव आहोत, या कारणानं त्यांनी तिथलं प्राध्यापकपद सोडलं. स्वतः ते देव मानत नव्हते.

याच काळातलं ते मॉर्फिनचं पान. ताश्कंदच्या एका प्रयोगशाळेत क्रिलॉव्ह नावाचे डॉक्टर कुत्र्यांना रोज मॉर्फिन टोचत होते. मॉर्फिन म्हणजे अफूचं सत्त्व. ते टोचल्यावर कुत्र्याला मळमळे, भरपूर लाळ गळे, उलटी होई आणि मग गाढ झोप लागे. पाच-सहा दिवस हे झाल्यावर क्रिलॉव्ह यांच्या लक्षात आलं, की सुई टोचण्याआधीच हे सगळं सुरू होतंय. काही कुत्र्यांना तर डॉक्टर नुसते खोलीत आलेले दिसले तरी पुरे होई. काहींच्या बाबतीत सिरिंजची पेटी उघडावी लागे, केस कापावे लागत, स्पिरिटचा बोळा फिरवावा लागे. तेवढ्यानं भागलं नाही तर एखादा निरुपद्रवी द्रव टोचला की मळमळ, उलटी, झोप, सगळं मॉर्फिनशिवाय हजर. आधी जितक्या सुया टोचलेल्या, तितकी तयारी कमी लागे. क्रिलॉव्ह यांनी हा प्रकार पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत येऊन करून दाखवला. दुसऱ्या एका सहकाऱ्यानं उलटी आणणारं औषध टोचून, पाठोपाठ एक सूर वाजता ठेवला. काही वेळा असं केल्यावर नुसत्या सुरानं कुत्रा बेचैन होऊन ओठ चाटू लागला. पावलॉव्ह यांनी दोन्ही प्रयोग आपल्या व्याख्यानांत सांगितले आणि १९२७ मध्ये त्या व्याख्यानांचं इंग्रजी भाषांतर निघाल्यावर ते जगभर गेले.

केमोथेरपी घेणाऱ्या माणसाच्या घरच्यांना यात नवल वाटणार नाही. तीन-चार वेळा औषध घेऊन मळमळलेल्या रोग्याला पुढच्या खेपेला इस्पितळाच्या दारातच, त्या वासानंच मळमळू लागतं. घरचे म्हणतात, अजून काही दिलंच नाही, मग मनाचे खेळ कशाला? ते मनाचे खेळ नव्हेत. क्रिलॉव्ह यांच्या कुत्र्यांचं शरीर जे शिकलं, तेच हे शरीर शिकलेलं असतं.

१९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला मोठा पूर आला. कुत्र्यांच्या खुराड्यांत पाणी शिरलं आणि नाक कसंबसं वर ठेवून पोहत असलेल्या कुत्र्यांना माणसांनी वाचवलं. काही कुत्रे त्या रात्रीनंतर शिकलेलं सगळं विसरले. एका कुत्र्याला पुन्हा शिकवून तयार केल्यावर कुणी तरी दाराखालून पाण्याची बारीकशी धार खोलीत सोडली. तेवढ्यानं तो पुन्हा कोलमडला. ते पाणी ओंजळभरही नसेल. त्याच्यापुरता तो पूर होता.

पावलॉव्ह स्वतः सवयीचे पक्के होते. कामाची वेळ ठरलेली, चालण्याची ठरलेली, उन्हाळ्यातली बागेतली मेहनत ठरलेली. १९३५ च्या ऑगस्टमध्ये लेनिनग्राड आणि मॉस्कोत जगभरचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जमले, तेव्हा पंचाऐंशी वर्षांचे पावलॉव्ह यजमान होते. त्याच वर्षी त्यांच्या संस्थेच्या बागेत कुत्र्याचं स्मारक उभं राहिलं. २७ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूमोनियानं त्यांचा मृत्यू झाला.

मॉर्फिनचं पान मात्र मिटलं नाही. १९३७ मध्ये दोन सोव्हिएत संशोधकांनी कुत्र्यांना पुन्हा पुन्हा ॲड्रिनॅलिन टोचलं. या औषधानं हृदयाचे ठोके वाढतात. पण दर खेपेला ते कमी कमी वाढत गेले. मग त्यांनी ॲड्रिनॅलिन न घालता साधीच सुई टोचली. ठोके वाढले नाहीत; उलट मंदावले. शरीर औषधाची वाट पाहत होतं आणि त्याला तोंड देण्याची उलटी तयारी आधीच करून बसलं होतं.

बँकेतल्या माणसाला हे चटकन समजतं. एखादं कर्ज बुडण्याची चिन्हं दिसू लागली, की ते प्रत्यक्ष बुडण्याची वाट आम्ही पाहत नाही. आधीच नफ्यातून तरतूद बाजूला काढतो. शरीरही तसंच करतं. मॉर्फिन किंवा हेरॉइन श्वास मंद करतं, वेदना दडपतं. शरीर आपला तोल राखण्यासाठी उलट दिशेनं जोर लावतं. रोज त्याच खोलीत, त्याच वेळी, त्याच माणसांत ते घेतलं जात असेल, तर ती खोली आणि ती माणसं दिसताच शरीर तरतूद करायला लागतं. आपण म्हणतो, औषध अंगवळणी पडलं, आता मात्रा वाढवायला हवी. अंगवळणी पडण्याची इतरही कारणं आहेत. पेशीही बदलतात, यकृतही बदलतं. पण त्यातला एक मोठा वाटा शिकण्याचा आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे शेपर्ड सीगल यांनी १९७५ मध्ये उंदरांवर हे मॉर्फिनच्या बाबतीत दाखवून दिलं. क्रिलॉव्ह यांच्या कुत्र्यांत शिकलेली प्रतिक्रिया औषधासारखीच होती, इथे औषधाच्या उलट आहे. कधी कोणती येते यावर शास्त्रज्ञांनी बराच काथ्याकूट केला आहे. पण भोवताल औषधात उतरतो, हे दोन्हींकडे सारखंच.

१९८२ मध्ये सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. उंदरांना महिनाभर हेरॉइनची मात्रा वाढवत नेली आणि मग सर्वांना एकदाच फार मोठी मात्रा दिली. आधी हेरॉइन कधीच न मिळालेल्या उंदरांपैकी ९६ टक्के मेले. ज्यांना नेहमीच्याच खोलीत ही मात्रा मिळाली, त्यांच्यातले ३२ टक्के मेले. ज्यांना तीच मात्रा दुसऱ्या खोलीत मिळाली, त्यांच्यातले ६४ टक्के मेले. सवय तीच, मात्रा तीच, फक्त खोली वेगळी आणि मरणारे दुप्पट. नंतर अतिमात्रेतून वाचलेल्या दहा व्यसनी माणसांना त्यांनी विचारलं, तर त्यातल्या सात जणांनी त्या दिवशी जागा किंवा घेण्याची रीत नेहमीपेक्षा वेगळी होती असं सांगितलं. दहा ही संख्या लहान आहे. तिच्यावर मोठे इमले बांधू नयेत. पण विचार करायला ती पुरेशी आहे.

१९८६ मध्ये सीगल यांनी एका रोग्याची हकिकत प्रसिद्ध केली. कर्करोगानं आजारी असलेल्या वडिलांना मुलगा घरीच, अंधाऱ्या आजारपणाच्या खोलीत, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मॉर्फिन दिवसातून चार वेळा टोचत असे. चार आठवडे हे सुरळीत चाललं. एके दिवशी वडील कसेबसे बाहेरच्या उजेडाच्या दिवाणखान्यात आले. वेळ झाली म्हणून मुलानं तिथेच नेहमीची सुई दिली. थोड्याच वेळात अतिमात्रेची लक्षणं दिसू लागली आणि काही तासांत वडील गेले. मात्रा बदललेली नव्हती. अशी घटना विरळा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनाशामक घेणाऱ्या कुणी यावरून घाबरून औषध बंद करू नये. पण त्या मुलाच्या मनावरचं ओझं आठवून पाहा. त्याच्या हातून काहीच चुकलं नव्हतं, हे त्याला सांगायला शास्त्राशिवाय दुसरं कोण होतं?

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ओळखीच्या जागी शरीर तयारी करतं. पण औषध आलंच नाही तर? ती तयारी तशीच अंगावर येते. अस्वस्थता, घाम, थरथर, आणि पुन्हा घेतल्याशिवाय चैन न पडणं. हीच तलफ. थोडक्यात, ओळखीची जागा तलफ उठवते आणि अनोळखी जागा जीव घेऊ शकते. व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी जवळजवळ २० टक्के तिथे अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेले होते. १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा ली रॉबिन्स या बाईंनी पाठपुरावा केला, तेव्हा त्या व्यसनी सैनिकांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले फक्त ५ टक्क्यांच्या आसपास निघाले. कारणं अनेक: स्वस्त माल राहिला नाही, युद्ध मागे पडलं, घरची माणसं भेटली. पण ते जंगल, ती छावणी आणि ते सोबतीही मागे राहिले, हे विसरता येत नाही.

आपल्याकडचे मुलगे मात्र व्यसनमुक्ती केंद्रातून परततात ते त्याच गल्लीत, त्याच नाक्यावर. मुंबई-पुण्यात गर्दनं थैमान घातलं त्या काळात, १९८६ मध्ये, पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं. अशा केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही मुलाच्या घरचे हमखास एक वाक्य बोलतात: महिनाभर चांगला होता, घरी आला आणि दोन दिवसांत पुन्हा तेच, मनच कच्चं त्याचं.

इथे पावलॉव्ह यांचा आणखी एक शोध ऐकावा. खूण वारंवार दाखवली आणि खाणं दिलंच नाही, तर लाळ हळूहळू थांबते. कुत्रा विसरला असं वाटतं. पण मध्ये काही काळ जाऊ द्या आणि पुन्हा खूण दाखवा. लाळ परत येते. शिकलेलं पुसलं गेलेलं नसतं, दाबलेलं असतं. नंतरच्या संशोधकांनी यात भर घातली, की एका जागी विसरलेलं दुसऱ्या जागी पुन्हा जागं होतं. केंद्राच्या पांढऱ्या भिंतींत विसरलेलं नाक्यावरच्या पानटपरीजवळ आठवतं, ते त्यामुळे. त्यात मुलगा खोटारडा ठरत नाही. आणि मोठ्या खंडानंतर जुनीच मात्रा घेणं सर्वांत धोक्याचं, कारण दरम्यान शरीराची ती सोसण्याची ताकद ओसरलेली असते. असा माणूस झोपेतून उठत नसेल, श्वास मंदावला असेल, तर झोपू दे म्हणून न थांबता तडक इस्पितळ गाठावं.

आमच्या एका शाखेत एक हेड कॅशियर होते. हिशेबात चोख, पण संध्याकाळी रोखीची तिजोरी बंद झाली की पावलं गुत्त्याकडे. उपचार घेऊन ते सहा महिने गावी राहिले आणि अगदी ठीक होते. परत कामावर आल्यावर पहिल्याच दिवशी तिजोरीच्या किल्ल्या फिरल्याचा आवाज झाला आणि त्यांचे हात कापू लागले. काहीजणांनी याला नाटक म्हटलं. त्यांच्या पत्नीनं डॉक्टरांची चिठ्ठी आणून बदली मागितली, आणि ती मिळाली. दुसरं गाव, दुसरं टेबल, संध्याकाळी घरी येण्याचा दुसरा रस्ता. निवृत्तीपर्यंत त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. श्रेय एकट्या बदलीला देता येणार नाही. त्यात डॉक्टर होते, सोबतचे होते आणि त्या बाई तर होत्याच. पण त्या बाईंना पावलॉव्ह ठाऊक नसताना जे उमगलं होतं, ते मला पुष्कळ वर्षांनी पुस्तकांत सापडलं.

एखाद्याच्या घरी उद्या असाच कुणी परतणार असेल, तर उपदेशाची तयारी करण्याआधी त्याची खोली एकदा पाहून घ्यावी. पलंगाची जागा बदलावी, भिंतीला नवा रंग द्यावा, संध्याकाळच्या त्या ठराविक तासाला त्याला दुसऱ्या कामाला, दुसऱ्या रस्त्यानं बाहेर काढावं. एवढ्यानं व्यसन सुटत नाही, उपचार हवेतच. पण त्याचं शरीर ज्या खुणांची वाट पाहत असतं, त्यातल्या चार तरी आपल्या हातानं कमी होतात.